छोट्या बोटीवर तीन दिवस: बर्फ टिकत नाही, दूध नासतं, चहा सांडतो. काय करता तुम्ही लोक?

अर्धाकप:

मंडळी, थोडी मदत हवीय. बोट छोटी आहे आमची, सात मीटरच्या आतली, एक शीड, मागे छोटं इंजिन आणि खाली मान वाकवून बसता येईल एवढी केबिन. पुढच्या महिन्यात चौघं जण तीन दिवस दोन रात्री जाणार, मधे कुठे धक्क्याला लावायची नाही, संध्याकाळी नांगर टाकायचा आणि बोटीतच झोपायचं असा बेत आहे.

बोट चालवायचं टेन्शन नाही, टेन्शन आहे खाण्यापिण्याचं, कारण मागच्या वेळी दोनच दिवसांत पार वाट लागली होती. ४० लिटरचा आइसबॉक्स आहे, त्यात निघायच्या सकाळी दोन पिशव्या बर्फाचे खडे ओतले आणि वर कोल्ड्रिंकचे दोन डझन कॅन, दूध, सँडविच, कच्चं चिकन सगळं कोंबलं. पहिल्या दिवशी दर दहा मिनिटांनी कोणी ना कोणी झाकण उघडून कोपरापर्यंत हात घालून कॅन शोधतंय. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर आत तळं झालेलं, त्यात सँडविचची पाकिटं पोहतायत, चिकनच्या पिशवीतून गुलाबी पाणी पाझरलंय आणि दूध नासलेलं. सगळं टाकून द्यावं लागलं आणि उरलेला दीड दिवस बिस्किटांवर काढला.

चहाची कथा वेगळीच. एकच बर्नर आहे, आडव्या गॅस कार्ट्रिजवर चालतो. दर तासाला कोणाला तरी चहा हवा असायचा, त्यात दोन दिवसांत तीन कार्ट्रिज संपली, आणि दुसऱ्या सकाळी बाजूने एक लाट आली तशी किटली घसरून माझ्या पायावर. फार भाजलं नाही पण चांगलाच धडा मिळाला.

तर विचारायचं हे की १२ व्होल्टचा फ्रीज घेऊन टाकू का सरळ? की बर्फच नीट वापरायची काही पद्धत आहे? चहाकॉफीचं तुम्ही कसं जमवता? एक मित्र म्हणतोय ड्राय आइस घे, सगळे प्रश्न मिटतील. खरंय का?

गळकीहोडी:

अहो अर्धाकप, तुमचा बॉक्स वाईट नाही, भरायची पद्धत वाईट आहे. आमचंही पहिली दोन वर्षं हेच व्हायचं म्हणून हक्काने सांगतोय.

पहिली गोष्ट, सुटे खडे विसरा. खडे जेवढे लहान तेवढं त्यांचं अंग जास्त उघडं, म्हणून ते भराभर वितळतात, मोठी लादी तेवढ्याच वजनाची असली तरी कितीतरी जास्त टिकते. पण लादी वितळली की पाणी बॉक्सभर होतंच, म्हणून मी लादीसुद्धा घेत नाही, दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या पिण्याच्या पाण्याने भरून गोठवतो. गळ्यापर्यंत भरायच्या नाहीत, गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, तेवढी जागा ठेवायची नाहीतर बाटली फाटते. आणि आदल्या रात्री सगळ्या बाटल्या एकदम फ्रीजरमध्ये कोंबून उपयोग नाही, सकाळी वरून कडक आणि आत पाणी असा प्रकार होतो, दोन-तीन दिवस आधीपासून दोन-दोन करून टाकायच्या. यात फायदा असा की वितळलेलं पाणी बाटलीतच राहतं, सँडविच पोहत नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी तेच पाणी प्यायला होतं. चार माणसांना पिणं आणि स्वयंपाक धरून माणशी रोज ३-४ लिटर लागतंच, म्हणजे तुम्हाला तसंही ४० लिटरच्या आसपास पाणी न्यायचंच आहे, त्यातलं १० लिटर गोठवून न्या एवढंच.

दुसरी गोष्ट, कॅन. तुम्ही गरम कॅन टाकले असणार, बरोबर? ३३० मिलीचे दोन डझन म्हणजे जवळजवळ ८ किलो पाणी, ते ३० अंशांवरून ५ वर आणायला अडीच किलो बर्फ खर्ची पडतो. म्हणजे दोन पिशव्यांतली अर्धी पिशवी तरी बोट किनारा सोडायच्या आधीच खलास. घरच्या फ्रीजमध्ये आदल्या दिवशी जे गार होऊ शकतं ते बोटीच्या बर्फावर गार करायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा आहे, बायकोने केलेला. रिकामा बॉक्ससुद्धा आदल्या रात्री आत एक-दोन बाटल्या बर्फ ठेवून गार करून घ्या, गच्चीवर उन्हात पडलेला बॉक्स सकाळी भरला तर पहिला बर्फ त्याच्या भिंतीच खातात.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, पेयांचा बॉक्स वेगळा करा. साधी गार ठेवायची पिशवी चालेल, तिच्यात खुशाल सुटे खडे टाका, ती दिवसभर उघडली जाणारच आहे. जेवणाचा बॉक्स दिवसातून तीनदाच उघडायचा आणि उघडायच्या आधी काय काढायचं ते तोंडाने बोलायचं. हसू नका, आम्ही खरंच बोलतो. "लोणी, चार अंडी, डावीकडचा डबा," मग झाकण. झाकणाच्या आतल्या बाजूला कशावर काय ठेवलंय त्याची चिठ्ठी चिकटवतो.

शांतपाणी:

गळकीहोडी यांच्याशी बाकी सगळं सहमत पण वितळलेल्या पाण्याला उगाच बदनाम करू नका. ते पाणी पण शून्याच्या जवळपासच असतं आणि कॅनला चारी बाजूंनी चिकटून असतं, त्यामुळे पेयं हवेपेक्षा पाण्यात लवकर गार होतात आणि गार राहतात. पाणी काढून टाकलं की तेवढ्या जागेत गरम हवा शिरते. मी पेयांच्या बॉक्सचं बूच शेवटच्या दिवसापर्यंत काढत नाही.

गळकीहोडी:

पेयांच्या बॉक्ससाठी मान्य. जेवणाच्या बॉक्ससाठी अजिबात नाही, कच्च्या चिकनचं पाणी आणि सँडविच एकाच तळ्यात असणं मला झेपत नाही. शिवाय बोट कलली की ते पाणी एका बाजूला जातं, झाकण सैल असेल तर केबिनभर होतं. आमच्या गादीला दोन महिने वास येत होता.

शांतपाणी:

गादीचा मुद्दा मान्य 😄

अँपिअर:

फ्रीजचा हिशेब करून देतो, मग तुम्हीच ठरवा.

१२ व्होल्टचा कंप्रेसरवाला छोटा फ्रीज चालू असताना साधारण ४ अँपिअर खेचतो. तो सतत चालू नसतो, पण गरम हवेत दिवसातला अर्धा वेळ तरी चालतोच, म्हणजे २४ तासांत ४८ अँपिअर-तास. साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर १०० अँपिअर-तास लिहिलेलं असलं तरी ५० च वापरायचे, त्याच्या खाली सारखं गेलं की बॅटरी लवकर मरते. म्हणजे तुमची १०० ची बॅटरी फक्त फ्रीजला एक दिवस पुरेल, दिवे आणि फोन चार्जिंग वेगळंच. लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर ८० पर्यंत वापरता येतात, तरी तीन दिवस निघत नाहीत. १०० वॉटचं सोलर पॅनल लख्ख उन्हात, शिडाची सावली पडली नाही तर, दिवसाला २५-३० देतं. तुम्ही वर्षातून किती वेळा जाता? तीन-चार वेळा जात असाल तर फ्रीज, दुसरी बॅटरी, पॅनल, जाड वायर, फ्यूज एवढा पसारा कशाला. आणि फ्रीज घेतलाच तर इंजिन सुरू करायच्या बॅटरीला हात लावायचा नाही, ती वेगळीच हवी. गार दूध आहे पण इंजिन सुरू होत नाही असा प्रसंग मी पाहिलाय.

कार अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात मिळतो तो पंखावाला हलका कूलर घेऊ नका. त्यात कंप्रेसर नसतो. तो बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम २० अंश खाली जातो, बाहेर ३५ असेल तर आत १५, आणि त्यासाठी ४-५ अँपिअर सतत ओढत राहतो, दिवसाला १०० च्या वर. १५ अंशांत चिकन ठेवणं म्हणजे न ठेवणं.

गॅसवर चालणारे आवाज न करणारे फ्रीज असतात ते तर बोटीवर नकोच, त्यांना सपाट बसलेलं लागतं, कललेल्या बोटीत नीट गार करत नाहीत.

इलेक्ट्रिक किटलीही कोणीतरी सुचवेल म्हणून आधीच सांगतो. १५०० वॉटची किटली १२ व्होल्टवर १२५ अँपिअर मागते, इन्व्हर्टरचं नुकसान धरून जास्तच.

आता एक गंमत. १ किलो बर्फ वितळायला ३३४ किलोजूल उष्णता लागते. १ लिटर पाणी २० अंशांवरून उकळायला लागतात ३३५. जवळजवळ तेवढीच. म्हणजे बोटीवर एक लिटर पाणी उकळणं आणि एक किलो बर्फ घालवणं हा एकाच मापाचा खर्च आहे. मला हे कळल्यापासून मी दोन्ही एकाच वहीत लिहितो.

अर्धाकप:

बाप रे. फ्रीज बाद. @अँपिअर, मग १० लिटरच्या बाटल्या माझ्या ४० लिटरच्या बॉक्सला तीन दिवस पुरतील का? आणि गॅस किती लागायला हवा होता, तीन कार्ट्रिज जरा जास्तच वाटतायत.

अँपिअर:

खरं सांगू, नाही पुरणार. तुमच्या बॉक्सच्या भिंती साधारण ३ सेंटीमीटर जाड धरल्या आणि बाहेर आत २५ अंशांचा फरक धरला तर माझ्या ढोबळ हिशेबाने दिवसाला ५ किलोच्या आसपास बर्फ नुसत्या भिंतींतून जातो, झाकण न उघडता. म्हणजे १० किलो दोन दिवस. फ्रीजरमधून उणे १८ अंशांवर काढलेला बर्फ शून्यावरच्या बर्फापेक्षा दहा टक्के जास्त काम करतो, एवढाच बोनस. बॉक्स उन्हात डेकवर ठेवलात तर तेवढंही नाही. खाली केबिनच्या तळाशी ठेवा, तिथे बोटीच्या अंगाला बाहेरून पाणी लागलेलं असतं त्यामुळे सगळ्यात गार जागा तीच, आणि वरून झोपायची जाड पिशवी किंवा ब्लँकेट गुंडाळा. मग अडीच दिवस निघतील.

म्हणून उलटा विचार करा. तिसऱ्या दिवशी बर्फ कसा टिकेल हे बघण्यापेक्षा तिसऱ्या दिवशी गार ठेवायला लागेल असं काही उरायलाच नको.

गॅसचं: झाकण लावून, वारा अडवून १ लिटर उकळायला १५ ते २० ग्रॅम ब्युटेन लागतं. २२० ग्रॅमच्या कार्ट्रिजमध्ये १० लिटर तरी उकळायला हवं. तुम्ही उघड्यावर वाऱ्यात झाकण न ठेवता उकळत असणार.

कोबीचागड्डा:

अँपिअर यांचं ते "उलटा विचार करा" वाक्य मी म्हणणारच होते, आता मेन्यूकडून सांगते.

आमच्याकडे पहिल्या रात्रीचं जेवण घरून शिजवून, डब्यात गोठवून येतं. घट्ट रश्शाचं काहीही चालतं. ते दगडासारखं गोठलेलं असतं त्यामुळे दिवसभर बॉक्समध्ये बर्फाचंच काम करतं, रात्री नुसतं खळखळ उकळी येईपर्यंत गरम करायचं. पहिल्याच दिवशी समुद्राची सवय झालेली नसते, खाली वाकून कांदा चिरायला गेलात की पाच मिनिटांत कठड्याला लटकाल. म्हणून पहिल्या दिवशी चिरणं बंद, फोडणी बंद, फक्त गरम करणं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दूध, चीज, शिजवलेलं मांस जे काय नाजूक असेल ते संपवायचं. दुसऱ्या रात्रीपासून कोरडं आणि डबाबंद.

कच्चं चिकन नेऊच नका, नेलंत तर गोठवून, दोन पिशव्यांत बांधून, झाकणाच्या डब्यात, सगळ्यात खाली. आणि बॉक्समध्ये एक साधा थर्मामीटर टाका, फार मोठी वस्तू नाही. ५ अंशांच्या खाली आहे तोवर निवांत. ५ ते ६० च्या मधे जंतूंची चंगळ असते, नाजूक पदार्थ त्यात दोन तासांहून जास्त राहिला तर टाकायचा, हवा ३२ च्या वर असेल तर एकच तास. वास घेऊन ठरवू नका, आजारी पाडणाऱ्या जंतूंना बरेचदा वासच नसतो.

उरलेला भात हा सगळ्यात लबाड. लोकांना वाटतं भातच तर आहे, सकाळी परत गरम करू. शिजवलेला भात कोमट राहिला की त्यात एक जंतू वाढतो ज्याचे बीज शिजवताना मरत नाहीत, आणि त्याचं विष परत गरम करूनही जात नाही. बोटीवर एकच संडास, चार माणसं, पुढचं तुम्ही कल्पना करा. भात लागेल तेवढाच करा, उरला तर नाद सोडा.

फ्रीजशिवाय काय टिकतं? अख्खा कोबी, वरची पानं न काढता, आठवडाभर आरामात (माझं नाव उगाच नाही पडलं). कांदे आणि बटाटे, पण एका पिशवीत नाही, दोघं एकत्र लवकर खराब होतात. टोमॅटो घेताना एक पिकलेला, एक अर्धा कच्चा, एक हिरवा असे घ्या, रोज एक तयार होतो. केळी बाकी फळांपासून लांब टांगा, नाहीतर सगळ्यांना पिकवून मोकळी होतात. अंडी न धुतलेली, कधीच फ्रीजमध्ये न ठेवलेली मिळाली तर सावलीत छान राहतात, पण एकदा फ्रीजमध्ये गेलेली किंवा धुतलेली अंडी फ्रीजमध्येच ठेवावी लागतात. दूध टेट्रापॅकचं, २०० मिलीचे छोटे पॅक, फोडलं की एका बैठकीत संपतं, नासायला उरतच नाही. आणि दूध पावडर झिंदाबाद.

पुठ्ठ्याची खोकी बोटीवर चढवू नका, त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात, सगळं धक्क्यावरच डब्यांत काढून घ्या. डबाबंद मालाच्या झाकणावर मार्करने नाव लिहा, ओलाव्याने कागद सुटतात आणि मग जेवायला मटार का अननस हे नशिबावर.

पाणी वाचवायचं असेल तर किनाऱ्यापासून लांब स्वच्छ समुद्रात बटाटे उकडायला एक भाग समुद्राचं आणि तीन भाग गोडं पाणी घ्या, मीठ वेगळं लागत नाही. बंदरातलं पाणी चुकूनही नको.

वासघेणारा:

इथे सगळे बर्फावर बोलतायत आणि मूळ पोस्टमधल्या ड्राय आइसवर कोणीच काही बोललेलं नाही, म्हणून लिहितोय.

नको. म्हणजे नकोच. ड्राय आइस हा गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंशांचा. तो वितळून पाणी होत नाही, थेट वायू होतो, आणि १ किलोतून पाचशे लिटरहून जास्त वायू निघतो. हा वायू हवेच्या दीडपट जड, तो तुमच्या त्या मान वाकवून बसायच्या केबिनमध्ये खालून भरत येतो आणि माणसं नेमकी खालीच झोपलेली असतात. आणि हवाबंद डब्यात कोंडला तर डबा फुटतो. मित्राला सांगा, प्रश्न मिटतील हे खरं आहे पण भलत्याच अर्थाने.

आता बर्नर. ब्युटेनही हवेपेक्षा जड, जवळजवळ दुप्पट. घरात गॅस गळला तर खिडकीतून, दाराखालून निघून जायची शक्यता तरी असते, बोट म्हणजे तळ बंद असलेलं भांडं आहे, गळलेला गॅस फळ्यांखाली तळात जाऊन बसतो आणि पंपाच्या किंवा स्विचच्या एका ठिणगीची वाट बघतो. म्हणून काम झालं की कार्ट्रिज बर्नरमधून काढायचं, आणि शिल्लक कार्ट्रिज खाली कपाटात नाही तर वर उघड्या हवेत, सावलीत, जिथून गळलं तर थेट बाहेर समुद्रावर जाईल अशा जागी. आडव्या कार्ट्रिजच्या शेगडीवर मोठं पातेलं ठेवायचं नाही, पातेल्याचा काठ कार्ट्रिजच्या वर आला की त्याची धग खाली लागून कार्ट्रिज तापतं, फुटू शकतं. वारा अडवायला भोवती पत्रा उभा करता ना, तो कार्ट्रिजच्या बाजूने कधीच नाही.

केबिनमध्ये पेटवायचं तर वरचं झाकण आणि दार दोन्ही उघडं. पावसात सगळं बंद करून आत शेगडी पेटवली आणि थंडी म्हणून चहा झाल्यावरही तशीच जळत ठेवली, की कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही, आणि लक्षणं काय तर डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं. बोटीवर हे झालं की सगळे म्हणतात बोट लागली, आडवा हो. आत जाऊन आडवा हो. बॅटरीवरचा छोटा अलार्म मिळतो तो घ्या, फ्रीजचे पैसे वाचलेच आहेत.

अर्धाकप:

@वासघेणारा, वाचून घाम फुटला. मागच्या वेळी तीनही कार्ट्रिज खाली लाइफजॅकेटच्या कपाटात होती. ड्राय आइसवाल्या मित्राला लिंक पाठवतोय.

चहाचं कोणी सांगेल का?

पहाटपाळी:

मी सांगते, माझी कायम पहाटेची पाळी असते आणि त्या वेळी चहा नाही मिळाला तर मी सुकाणू सोडून निघून जाईन.

दर कपाला शेगडी पेटवणं बंद करा. दिवसातून दोनदाच पाणी उकळायचं, सकाळी आणि संध्याकाळी, नांगरावर, बोट शांत असताना. तेवढ्यात दोन मोठे स्टीलचे थर्मास भरायचे. थर्मास आधी उकळत्या पाण्याने पाच मिनिटं तापवून घ्यायचा आणि ते पाणी ओतून न देता परत किटलीत टाकायचं, पाणी आणि गॅस दोन्ही वाचतं. मग काठोकाठ भरायचा, अर्धा भरलेला लवकर निवतो. एक लिटरचे दोन घेण्यापेक्षा दोन लिटरचा एक जास्त वेळ गरम राहतो, पण मी तरी दोन घेते कारण एक सतत उघडला जातो आणि दुसऱ्याला रात्रीपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

थर्मासमध्ये फक्त पाणी. दूध घातलेला तयार चहा भरून ठेवू नका, चव तर जातेच, आणि सहा-आठ तासांनी तो ६० च्या खाली आला की वर कोबीचागड्डा म्हणाल्या तीच जंतूंची चंगळ. कपात चहाची पिशवी किंवा कॉफी, दूध पावडर, साखर हे सगळं कोरडं मी आधीच एका माणसाचं एक अशा छोट्या डब्यांत भरून नेते. रात्री डोक्याला बॅटरी लावून साखर मोजत बसायला लागत नाही.

आता ओतणं. भाजतं ते उकळताना नाही, ओतताना. लोक एका हातात कप धरतात आणि दुसऱ्या हाताने ओततात, म्हणजे बोट हलली की धार कपात नाही, मनगटावर. कप हातात धरायचाच नाही. कप सिंकमध्ये ठेवायचा, सिंक नसेल तर खोल पातेल्यात, आणि मग ओतायचं, सांडलं तर त्यातच सांडतं. अर्धाच कप भरायचा (तुमचं नाव बघून मला वाटलं तुम्हाला हे माहीत असेल!). ओतणारीने पाय फाकवून, कंबर कशाला तरी टेकवून उभं राहायचं, आणि बोट ज्या बाजूला कलली आहे त्या बाजूला शेगडीसमोर कधीच नाही, किटली सुटली तर तिकडेच येणार. मी समुद्रावर स्वयंपाक करताना उकाड्यातसुद्धा पावसाळी पँट आणि बूट घालते, हसतात सगळे. अनवाणी पायावर उकळतं पाणी पडलं की काय होतं ते तुम्ही सांगितलंच आहे. भाजलं तर थंड पाण्याची धार २० मिनिटं, घड्याळ लावून, बर्फ थेट लावायचा नाही. ओला मोजा लगेच काढायचा, तो उष्णता धरून ठेवतो.

शेगडीला बाजूने कठडा आणि भांडं पकडायचे चिमटे असतील तर उत्तम, नसतील तर खाली रबरी जाळीचा तुकडा घाला. झुलणारी शेगडी मिळते, बोट कलली तरी सरळ राहते, पण तुमच्या केबिनमध्ये झुलायला जागा आहे का बघा.

आणि ज्याला बोट लागलीय त्याला चहाकॉफी नको, आल्याचं कोमट पाणी घोटघोट आणि कोरडी बिस्किटं.

शांतपाणी:

पातेल्यात कप ठेवायची आयडिया ढापली. वीस वर्षं हातात धरून ओततोय, मूर्ख.

अर्धाकप:

जाऊन आलो! सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहितोय.

सहा बाटल्या गोठवल्या, म्हणजे १२ लिटर, शिवाय दोन डबे गोठवलेलं जेवण. बॉक्स पायऱ्यांच्या मागे खाली ठेवला, वर जुनी रजई. पहिल्या दिवशी थर्मामीटर २ अंश, दुसऱ्या रात्री ४, तिसऱ्या दिवशी सकाळी ७ अंश झालं, पण तेव्हा आत फक्त अर्धं लिंबू आणि लोणी होतं. वरच्या सगळ्या बाटल्या पाणी झालेल्या, तळाच्या एकीत मुठीएवढा बर्फाचा गोळा हलवला की खुळखुळ वाजत होता. तोंडाने बोलून झाकण उघडायचा नियम पहिल्या दिवशी चेष्टेचा झाला आणि दुसऱ्या दिवशी सगळे मुकाट पाळायला लागले.

गॅस एकच कार्ट्रिज, तेही पूर्ण संपलं नाही. अलार्म घेतला, वाजला नाही, वाजावा अशी इच्छाही नव्हती.

फसलं ते एवढंच. दोन थर्मास सारखेच घेतले होते, एकात पाणी आणि दुसऱ्यात सूप. दुसऱ्या पहाटे साडेचारला अंधारात मित्राने माझ्या कपात चहाची पिशवी, दूध पावडर, दोन चमचे साखर घातली आणि वरून टोमॅटो सूप ओतलं. तो म्हणतो वाईट नव्हतं. मी अर्धा घोट घेऊन समुद्राला दिलं.

आता त्या थर्मासचा वास जात नाहीये, तीन वेळा धुतला. पाण्याला पण टोमॅटो येतो. काय करू?

पहाटपाळी:

थर्मास नाही वास मारत, झाकणातली रबरी रिंग मारतेय. बोथट सुरीने ती उचलून बाहेर काढा, खाली लाल चिखल दिसेल. रिंग आणि झाकण खायच्या सोड्याच्या कोमट पाण्यात रात्रभर, थर्मासमध्येही दोन चमचे सोडा आणि गरम पाणी, पण झाकण न लावता. सकाळी धुवून उन्हात. परत कपाटात टाकताना झाकण उघडंच ठेवा. आणि सूपवाल्या थर्मासला दोरी बांधा, अंधारात हाताला कळते.